दूध: पिशवीतलं की रतिबाचं?

आमच्या घरी रोज लिटरभर दूध लागतं. अर्ध्या लिटरच्या दोन पिशव्या धरल्या तर वर्षाला ७३०. हा हिशोब मांडला तेव्हा मी खरंच हबकले.

गवळ्याच्या रतिबात हा प्रश्नच नाही. तो मापाने दूध थेट पातेल्यात ओततो. मात्र त्या वेळी घरी कुणीतरी हवं, दूध कच्चं म्हणून लगेच तापवायला हवं आणि भेसळीबाबत सगळा भरवसा त्याच्यावर. गवळी खात्रीचा असेल तर माझा कौल रतिबालाच.

शहरात असा गवळी मिळतोच असं नाही. मग पिशवी आलीच. महाराष्ट्रात २०१८ च्या प्लास्टिकबंदीत दुधाच्या पिशव्यांना सूट मिळाली, ती पिशव्या परत घेण्याच्या अटीवर. पिशवी पॉलिथिनची असते, वितळवून पुन्हा वापरता येते. पण ती रद्दीवाल्यापर्यंत पोचायला हवी ना!

खरी मेख कात्रीत आहे. कोपरा कापून टाकला की तो नखाएवढा तुकडा ओट्यावरून मोरीत आणि तिथून गटारात जातो. कचरा वेचणाऱ्या बायकांच्या हाती तो कधीच लागत नाही. म्हणून चीर अर्धवटच द्या, तुकडा पिशवीलाच लटकत राहू दे. रिकामी पिशवी बाजूने उघडून विसळा (ते पाणी आमच्याकडे कढीपत्त्याला जातं) आणि दोरीवर वाळवा. ओशट पिशवीला दुसऱ्याच दिवशी वास सुटतो. कोरड्या पिशव्यांचा गठ्ठा आमचा रद्दीवाला किलोवर घेऊन जातो.