फादर लई भारी, ऑफिसचं तेवढं बघा

आमच्या धर्मग्रामातल्या (म्हणजे आमच्या चर्चच्या हद्दीतल्या) फादरना ४ स्टार. कोल्हापुरातलं चर्च हाय, नाव लिहीत नाही, येणाऱ्यांना कळंलच.

माझ्या मते फादर कसा असावा तर हाक मारली की येणारा. आमची आज्जी सीपीआर हॉस्पिटलला ॲडमिट होती, रात्री फोन केला तर हे टू-व्हीलरवरनं आले, हेल्मेट काखेत, खिशातनं तेलाची छोटी डबी काढली, पण तैलाभ्यंगाच्या (आजाऱ्याला पवित्र तेल लावून प्रार्थना करायच्या) आधी तिच्या कानाजवळ वाकून "आज्जी, जेवलासा का?" विचारलं. माणूस बाहेरचा हाय पण भाषा उचलली बघा. तसं १९८३ च्या कॅथलिक चर्च कायद्यात, कलम ५२९ मध्ये, हेच लिहिलंय की घराघरात जावं, आजाऱ्यांना आणि मरणाच्या दारातल्यांना धीर द्यावा. पण कायदा वाचून कोण एवढ्या रात्री येतंय?

दुसरं म्हणजे तोंड बंद. कन्फेशनमधलं, म्हणजे पापाच्या कबुलीतलं, बाहेर काढायचंच नसतंय ते सोडा, पण हे चहा पितानासुद्धा कुणाच्या घरातलं कुणाला सांगत नाहीत.

प्रवचन मात्र लांबतंय. पोप फ्रान्सिस २०२४ मध्ये म्हणाले होते की ८ मिनिटांच्या वर नको, आमचे फादर तेवढ्यात प्रस्तावनेत असतात, आणि मागं पोरं कडाकडा बाक वाजवत बसतात.

हिशोब बोर्डावर लावतात, हे बेस्ट. एक स्टार ऑफिसमुळं कापला, बाप्तिस्म्याच्या दाखल्याला हेलपाटे घालायला लावले. फादर गावात असतील तेव्हाच जावा, लगेच सही मिळतीय.