जुन्या कोंबड्यांचा माग: इंटरनेट आर्काइव्ह कितपत कामाचं?

गावठी कोंबड्यांच्या जुन्या नोंदींसाठी इंटरनेट आर्काइव्ह हे जुन्या पुस्तकांचं संकेतस्थळ फुकट आहे आणि कामाचंही, पण शोधायची रीत कळायला हवी. साधा शोध पुस्तकांची नावं आणि माहितीच चाळतो. आतला मजकूर शोधायचा पर्याय वेगळा निवडावा लागतो.

कोकणासाठी मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचे (इंग्रजांच्या काळातल्या जिल्हावार माहितीग्रंथाचे) दोन खंड उघडा: दहावा, रत्नागिरी-सावंतवाडी (१८८०) आणि अकरावा, कुलाबा-जंजिरा (१८८३). 'चिकन' टाकून बसू नका, साहेबांच्या लिखाणात 'फाउल' किंवा 'पोल्ट्री' सापडेल. असील या झुंजीच्या कोंबड्यांच्या जातीचं इंग्रजी स्पेलिंग कुठे एक आय, कुठे दोन ई. दोन्ही टाकून बघा. गावांची नावं मात्र हमखास दगा देतात. छपाईत स्वरांवर चिन्हं आहेत आणि छापील अक्षरं ओळखणारं यंत्र ती भलतीच वाचतं. मग अनुक्रमणिकेवरून थेट पाळीव जनावरांचं पान गाठावं. जातीनिहाय वर्णनाची अपेक्षा ठेवू नका.

आजच्या मान्यताप्राप्त जाती कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोच्या यादीत आहेत. त्यातली बुसरा महाराष्ट्राची खरी, पण नंदुरबारकडची. आणि 'गावरान' म्हणून खपवली जाणारी वनराजा? ती हैदराबादच्या संस्थेत तयार झालेली, गॅझेटियरमध्ये कुठून सापडणार!