मटार: गोठवलेले घ्यावेत की डबाबंद?

थंडीचे दिवस सरले की मटारच्या शेंगा महाग आणि जून होत जातात, त्यामुळे उरलेले वर्षभर बहुतेक घरांत गोठवलेल्या मटारांचे पाकीट येते. परदेशातल्या मराठी घरांसमोर पाकीट आणि डबा असे दोन्ही पर्याय कायम असतात. अशा वेळी ‘गोठवलेले म्हणजे जवळजवळ ताजे आणि डबाबंद म्हणजे निःसत्त्व’ असा जो सरसकट निकाल दिला जातो, तो मला अपुरा वाटतो.

गोठवण्यापूर्वी मटार दोनेक मिनिटे उकळत्या पाण्यातून किंवा वाफेतून काढतात, कारण त्यांतील विकरांचे (एन्झाइम्सचे) काम थांबवले नाही तर उणे 18 अंशांतही रंग आणि चव हळूहळू बिघडत जाते. डबाबंद मटार मात्र बहुधा मिठाच्या पाण्यासह सीलबंद करून सुमारे 121 अंश सेल्सिअसला शिजवले जातात. मटारात आम्लता कमी असते आणि बोट्युलिझम या जीवघेण्या अन्नविषबाधेचे विष निर्माण करणाऱ्या जिवाणूचे बीजाणू साध्या उकळीने मरत नाहीत, म्हणून एवढी उष्णता द्यावीच लागते. तिच्यामुळे थायमिनची (ब1 जीवनसत्त्वाची) बरीच हानी होते, क जीवनसत्त्व आणि फोलेट (ब9 जीवनसत्त्व) काही प्रमाणात डब्यातल्या पाण्यात उतरतात आणि दाण्यांचा हिरवा रंग शेवाळी होतो.

अमेरिकेच्या कृषी खात्याच्या पोषणतक्त्यांनुसार 100 ग्रॅम कच्च्या ताज्या मटारांत क जीवनसत्त्व सुमारे 40 मिलिग्रॅम, गोठवलेल्यांत सुमारे 18, तर निथळलेल्या डबाबंद मटारांत सुमारे 10 मिलिग्रॅम असते. एवढ्यावरून गोठवलेल्यांना कौल देणे घाईचे होईल, कारण डब्यातले मटार आधीच शिजलेले असतात आणि गोठवलेले मटार उकडून पाणी ओतून दिले तर तेही साधारण 10 मिलिग्रॅमवरच येतात. पाकिटाचा फायदा खऱ्या अर्थाने हवा असेल तर दाणे वितळण्याची वाट न पाहता थेट फोडणीत टाकावेत, झाकणावर पाणी ठेवून वाफेवर शिजवावेत आणि जे थोडे पाणी सुटेल ते रश्शातच राहू द्यावे. तंतुमय पदार्थ आणि प्रथिने यांबाबतीत दोहोंत फारसा फरक नाही.

खरी तफावत मिठात आहे आणि रक्तदाबाचा त्रास असलेल्या घरात तीच निर्णायक मानावी. ताज्या मटारांत 100 ग्रॅमला सुमारे 5 मिलिग्रॅम सोडियम असते, तर मीठ घातलेल्या डबाबंद मटारांत, पाणी निथळल्यावरही, सुमारे 250 मिलिग्रॅम. प्रौढ व्यक्तीने दिवसभरात 2000 मिलिग्रॅमपेक्षा कमी सोडियम घ्यावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. डब्यातले दाणे चाळणीत घेऊन धुतल्यास मीठ बरेच कमी होते; मात्र पाण्यात उतरलेली जीवनसत्त्वेही त्याबरोबर जातात, म्हणून बिनमिठाचा डबा मिळत असेल तर तोच घ्यावा. काही डब्यांत वाळलेले वाटाणे भिजवून भरलेले असतात, तेव्हा घटकांची यादी जरूर वाचावी. त्यांची ताज्या मटारांशी तुलना करण्यात अर्थ नाही.

टोमॅटो, राजमा आणि छोले यांच्या बाबतीत मात्र मी निःसंकोच डबा सुचवेन. टोमॅटोतील लायकोपीन हे लाल रंगद्रव्य उष्णतेने मोकळे होते आणि थोड्या तेलासोबत शरीरात अधिक चांगले शोषले जाते. कडधान्ये तर एरवीही पूर्ण शिजवूनच खायची असतात.

पाकीट घेताना ते हाताने चाचपावे: दाणे सुटे लागले तर ठीक, पण एकच घट्ट गोळा लागला तर ते मध्ये वितळून पुन्हा गोठलेले असण्याची शक्यता आहे. फुगलेला डबा चव न घेताच टाकून द्यावा. जिथे वीज तासन्‌तास जाते, तिथे फ्रीजरच्या भरवशावर मोठी पाकिटे साठवण्यापेक्षा बिनमिठाचे दोन डबे फडताळात ठेवलेले बरे.