जांबोटी रस्त्यावरील चहाची टपरी
बेळगावहून जांबोटीमार्गे चोर्ला घाटाकडे निघालेले दुचाकीस्वार पावसात चिंब होऊन ज्या टपरीवर हमखास थांबतात, तिथे चहापेक्षा गप्पाच अधिक रंगतात. कढईतली मिरचीभजी कागदावर येऊन निवेपर्यंत, धुक्यातल्या वळणावर गाडी कशी घसरली हे कोणीतरी खरचटलेले कोपर पुढे करून सांगत असतो, तर दुसरा शाळा बुडवून गोकाकचा ५२ मीटरचा धबधबा गाठल्याचे आणि तिथला झुलता पूल मुद्दाम हलवून मित्राला रडकुंडीस आणल्याचे तिखटमीठ लावून ऐकवतो. (यातल्या थापा किती, हे टपरीवाल्या मावशींनाच ठाऊक!) भजी उत्तम, चहा मात्र फारच गोड असल्याने साखर कमी हवी असल्यास आधीच सांगावे. बाके अपुरी आहेत आणि नेटवर्कचा भरवसा नसल्याने सुटे पैसे जवळ ठेवावेत.