सत्ती ते दश्शीची जोडी : कॉल करावा की रेज?

तीन पत्तीची सवय असलेला माणूस होल्डेम पोकरला बसला की हाती आलेल्या अठ्ठीच्या जोडीला नको तेवढा मान देतो. तीन पत्तीत जोडी किंवा त्याहून मोठे काही सुमारे चार हातांत एकदाच येते, तर होल्डेमच्या सात पत्त्यांत (दोन हातातले, पाच टेबलावरचे सामायिक) निदान एक जोडी लागण्याचे प्रमाण ८२.६ टक्के आहे. ठाण्यात पाचपाखाडीला आमची शनिवारची बैठक असते. पैसे न लावता प्रत्येकी २,००० चिप्स घेऊन १०-२० च्या ब्लाइंडवर, म्हणजे पत्ते पाहण्याआधी दोघांनी सक्तीने लावायच्या १० आणि २० चिप्सवर, आम्ही खेळतो. तेथे नवा येणारा जवळजवळ प्रत्येक जण हेच विचारतो की सत्ती ते दश्शी या मधल्या जोड्यांवर नुसता कॉल करून (समोरच्याइतक्याच चिप्स घालून) फ्लॉप, म्हणजे टेबलावर उघडणारे पहिले तीन पत्ते, पाहावा, की रेज करावे (चिप्स वाढवाव्यात).

कॉलच्या बाजूने असलेला हिशेब सरळ आहे. फ्लॉपवर सेट (आपल्या जोडीचाच तिसरा पत्ता) किंवा त्याहून मोठे काही लागण्याची शक्यता ११.८ टक्के, म्हणजे साडेआठ वेळांत एकदा. समोरच्याने ८० चिप्सचे रेज केले आणि आपण दर वेळी कॉल केला, तर सेट लागेपर्यंत सरासरी ६०० चिप्स जातात. पॉटमध्ये, म्हणजे मधल्या ढिगात, आधीच पडलेल्या चिप्स थोडी भरपाई करतात. तरीही समोरच्याकडे ६०० च उरल्या असतील तर हा व्यवहार परवडत नाही, कारण सेट लागला तरी तो दर वेळी सगळ्या चिप्स देणार नाही. म्हणून कॉलच्या १५ ते २० पट, म्हणजे १,२०० ते १,६०० चिप्स त्याच्यापुढे असाव्यात. सेटचे मोठे बळ असे की तो दिसत नाही: राजा-अठ्ठी-तिर्री असा फ्लॉप पडला की एक्का-राजा धरलेला खेळाडू सहसा शेवटपर्यंत चिप्स घालत राहतो.

रेजचे गणित मात्र टेबलावर कोण बसले आहे यावर ठरते. ऑगस्ट २०२५ च्या केंद्रीय कायद्याने पैशांचे ऑनलाइन खेळ बंद झाल्यानंतर आमच्याकडे ॲपवर शिकलेले काही जण येऊ लागले. ते प्रत्येक जोडीवर रेज करतात, कारण रेज केले की बाकीचे पत्ते टाकतील आणि एकच प्रतिस्पर्धी उरेल, असे ते गृहीत धरतात. एकच उरला तर ते योग्यही आहे, कारण जोडी नसलेल्या दोन पत्त्यांना फ्लॉपवर काही लागण्याची शक्यता तीनांत एकदाच असते. घरगुती टेबलावर मात्र ६० चिप्सला कोणी उठत नाही, चौघे येतात, आणि त्यांच्यापैकी एकाला तरी काही लागले असेच धरावे लागते.

येथे सत्ती आणि दश्शी यांना एकाच तागडीत तोलणे मला मान्य नाही. फ्लॉपवर आपल्या जोडीहून मोठा निदान एक पत्ता येण्याची शक्यता दश्शीला ६९.५ टक्के, नव्वीला ७९.३, अठ्ठीला ८६.७ आणि सत्तीला ९२.१ टक्के असते. चौघे येणार असतील तर सत्ती-अठ्ठीवर रेज केल्याने पॉट तेवढा फुगतो आणि सेटविना तो सोडावा लागतो. तेथे स्वस्तात कॉल करावा. दश्शीवर मात्र मी रेजच करतो, तेही पाच ब्लाइंडपर्यंत (२० चा मोठा ब्लाइंड धरून) आणि आधी आलेल्या प्रत्येकामागे एक ब्लाइंड जास्त, कारण एक्का-नव्वी, नव्वी-अठ्ठी, छक्कीची जोडी असे दुबळे हात आमच्याकडे आनंदाने कॉल करतात. नव्वी मधली आहे: शेवटी बोलायची पाळी असेल आणि एखाददुसराच आत आला असेल तर रेज, एरवी कॉल. मागच्या महिन्यात मी तिच्यावर पहिल्याच जागेवरून रेज केले, चौघांनी कॉल केला, फ्लॉपवर राजा आला आणि तरीही मी तीनदा बेट लावत राहिलो. रेज वादाचे असू शकेल. त्या तीन बेटी निखालस चूक होत्या.

आपल्याच चिप्स ३०० च्या आसपास उरल्या असतील तर कॉलचा पर्याय उरत नाही, कारण सेट लागूनही मिळण्यासारखे फार काही नसते. दश्शी किंवा नव्वी असेल तर सगळ्या चिप्स आत ढकलाव्यात; एक्का-राजासमोर ५५ टक्क्यांच्या आसपास जिंकण्याची शक्यता असते, मोठ्या जोडीसमोर पाचांत एकदाच. सत्तीवर तसे मी आधी कोणी रेज केले नसेल तरच करतो.