माइक असतो झाकणात, आणि त्यांनी झाकण उघडलंच नव्हतं

लॅपटॉपचा माइक दुरुस्त करण्याच्या नादात एकूण १३,२९९ रुपये गेले. आकडा आधीच सांगून टाकते, कारण तीन आठवडे मी तो घरात कुणाला सांगितला नव्हता. नवऱ्याला "सात-आठ हजार गेले" एवढंच म्हणाले होते. खोटं बोलले, कारण लाज वाटत होती. आता लाज संपली आणि राग उरला, म्हणून लिहायला बसले.

मी भांडुपला राहते. आठवी ते दहावीच्या मुलांना ऑनलाइन संस्कृत शिकवते, संध्याकाळी दोन तुकड्या. विषय असा की माझा आवाज स्वच्छ पोहोचला नाही तर शिकवण्यात अर्थच नाही. 'श' आणि 'ष' मधला फरक, शब्दाच्या शेवटचा विसर्ग, हे मुलांना कानानेच कळतं. लॅपटॉप दोन वर्षांपूर्वी घेतलेला. घेतला तेव्हा आठ जीबी रॅम, म्हणजे मेमरी, होती, नंतर २,६५० रुपये देऊन आणखी आठ जीबीची पट्टी मीच बसवून घेतली होती. हा तपशील लक्षात ठेवा.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात धाकट्याचा पाय चार्जरच्या वायरीत अडकला आणि लॅपटॉप पलंगावरून खाली आला. झाकणाचा वरचा कोपरा फरशीवर आपटला. स्क्रीन चालू, कॅमेरा चालू, सगळं ठीक. संध्याकाळी तास सुरू केला तर एक मुलगी म्हणाली, "टीचर, तुम्ही बादलीत तोंड घालून बोलताय असं ऐकू येतंय."

मी अडाण्यासारखी लगेच दुकानात पळाले नाही, हे मुद्दाम सांगते. सेटिंगमध्ये जाऊन मायक्रोफोनची परवानगी बघितली. कीबोर्डवरचं माइक बंद करायचं बटण बघितलं. माइकचा ड्रायव्हर, म्हणजे तो चालवणारं सॉफ्टवेअर, काढून लॅपटॉप पुन्हा सुरू केला. फरक शून्य. मग वायरवाला इअरफोन लावला, तर आवाज एकदम खणखणीत. चार दिवस मी इअरफोनवरच शिकवलं. पण तीन-तीन तास कानात ते बोंडूक ठेवून कान दुखायला लागला, आणि त्याचा माइक ओढणीला घासला की मुलांना नुसती खरखर. म्हणून दुरुस्ती करायचं ठरवलं. आता लोक मला म्हणतात, पाचशे-सातशेचा यूएसबी माइक घ्यायचास ना. घ्यायला हवा होता. पण मोडलेली वस्तू नीट करून वापरायची, हे आमच्याकडे लहानपणापासून शिकवलेलं आहे, आणि त्यात माझं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही.

"लॅमिंग्टन रोडला जाऊ नकोस, तिथे आतले पार्ट बदलतात," हे कॉम्प्युटरच्या दुकानांच्या त्या रस्त्याबद्दल मुंबईत प्रत्येकाने ऐकलेलं असतं. मीही ऐकलं होतं. म्हणून म्हटलं, आपण सरळ कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला फोन करू. कंपनीचं नाव, पुढे 'सर्व्हिस सेंटर मुंबई' असं टाकून शोधलं. सगळ्यात वर जे आलं त्यावर कंपनीचं नाव होतं, बोधचिन्ह होतं, नंबर होता. बाजूला बारीक अक्षरात 'प्रायोजित' लिहिलेलं होतं, तिकडे लक्ष गेलं नाही. फोन उचलणाऱ्याने कंपनीचं नाव घेऊनच नमस्कार केला. आता यात मी कुठे चुकले? कंपनीचा खरा नंबर लॅपटॉपबरोबर आलेल्या कागदांवर असतो, हे खरं. पण ते कागद कुणी हाताशी ठेवतं का? आता ठेवा. माळ्यावर असतील तर आजच काढा.

मंगळवारी साडेअकराला त्यांच्याकडचा एक मुलगा आला. गळ्यात ओळखपत्र, टी-शर्टवर तेच बोधचिन्ह. तपासणीचे ४९९ रुपये आधी मागितले. यूपीआयवर पैसे पाठवताना नाव आलं ते कंपनीचं नव्हतं, कुणा एका माणसाचं होतं. "साहेबांचं खातं आहे, मॅडम." दिले. त्याने एक पिवळी पावती फाडून दिली. सासूबाई दिवाणखान्यात भाजी निवडत बसल्या होत्या. पावती हातात घेऊन म्हणाल्या, "ह्याच्यावर मशीनचा नंबर कुठाय गं? आपल्या मिक्सरच्या पावतीवर पण असतो." आणि मी त्यांना म्हटलं, "आई, तुम्ही नका मध्ये पडू, कंपनीची माणसं आहेत." त्या मुलासमोर म्हटलं. त्या काही बोलल्या नाहीत, पुन्हा भाजीकडे वळल्या. मुलगा लॅपटॉप घेऊन गेला. पैशांपेक्षा हे जास्त लागून राहिलंय. त्यांची माफी मागितली आहे, पण ते वाक्य काही परत घेता येत नाही.

संध्याकाळी 'इंजिनिअर'चा फोन. म्हणे मदरबोर्डवरचा ऑडिओ आयसी, म्हणजे आवाज सांभाळणारी चिप, उडालाय, चिप लेव्हलचं काम आहे, ७,८०० रुपये लागतील. नाही केलं तर पुढे अख्खा बोर्ड जाईल.

आता इथे जरा थांबते, कारण हाच तो क्षण आहे. रात्री झोप येत नाही तेव्हा मी याच क्षणापाशी येऊन अडकते. मी त्याला विचारलं होतं. माझ्या तोंडातून प्रश्न गेला होता! मी म्हटलं, "पण इअरफोन लावला की माझा आवाज व्यवस्थित जातो, आणि स्पीकरही चालतात. आयसी उडाला असता तर ते कसे चालले असते?" तो अर्धा सेकंदसुद्धा थांबला नाही. म्हणाला, "मॅडम, इअरफोन की लाइन अलग होती है." आणि मी म्हटलं, "अच्छा."

अच्छा! दहावीच्या मुलांनी तर्क सोडला तर त्यांना तासभर बोलणारी मी, आणि 'अच्छा' म्हणून गप्प बसले.

त्याचं वाक्य अर्धं खरं होतं, म्हणूनच ते पचलं. आजकालच्या बहुतेक लॅपटॉपमध्ये आतला माइक झाकणात, कॅमेऱ्याच्या शेजारी असतो. तांदळाच्या दाण्याएवढा डिजिटल माइक, समोर टाचणीच्या टोकाएवढं भोक. त्याची बारीक वायर कॅमेऱ्याच्या वायरीबरोबर बिजागरीतून खाली बोर्डावर जाते. इअरफोनचा आवाज मात्र ऑडिओ आयसीतून जातो. म्हणजे लाइन वेगळी हे बरोबरच. पण मग इअरफोन आणि स्पीकर चालतायत याचा अर्थ आयसी धडधाकट आहे, आणि बिघाड वर झाकणात आहे! आणि आपटला होता तोही झाकणाचाच कोपरा, हे मी त्याला पहिल्याच फोनवर सांगितलं होतं. त्याने माझ्याच प्रश्नाचं उत्तर माझ्याच हातात दिलं आणि मी ते वाचलं नाही. तुमच्या लॅपटॉपचा आतला माइक गेला आणि इअरफोनचा चालतोय, तर मदरबोर्डचं नाव काढणाऱ्याला तिथेच थांबवा.

बाकीचं भराभर सांगते. ७,८०० पाठवले. दुसऱ्या दिवशी 'डेटा सुरक्षित ठेवण्याचे' म्हणून १,२०० मागितले. माझ्या सहा वर्षांच्या नोट्स त्यात होत्या, घाबरून तेही दिले. त्यांच्या खिशात गेले ९,४९९. शुक्रवारी लॅपटॉप घरी आला. त्या मुलाने दारातच "हॅलो हॅलो" रेकॉर्ड करून ऐकवलं, आवाज मोठा आला. मला बरं वाटलं, त्याला चहासुद्धा दिला. संध्याकाळी तासाला मुलं म्हणाली, "टीचर, वारा सुटल्यासारखं ऐकू येतंय." सेटिंगमध्ये माइकची पातळी शंभरावर आणि बूस्ट पूर्ण चढवून ठेवला होता, बाकी काही नाही. फोन केला तर "सोमवारी माणूस पाठवतो". सोमवारी नंबर बंद.

चार दिवसांनी लॅपटॉप फारच रखडायला लागला म्हणून टास्क मॅनेजर उघडून मेमरी बघितली. आठ जीबी. माझी पट्टी गेली होती. पावतीवर नोंद काहीच नाही, मग कुठल्या तोंडाने सांगू की सोळा होती? लॅपटॉप कुणाच्याही हाती देण्याआधी मेमरी, डिस्क आणि सिरीयल नंबर दिसतील असे स्क्रीनचे फोटो काढा आणि हेच तिन्ही पावतीवर लिहून घ्या. लिहायला कां-कूं करतोय? लॅपटॉप परत पिशवीत.

शेवटी नणंदेचे यजमान मला लॅमिंग्टन रोडलाच घेऊन गेले. ग्रँट रोड स्टेशनबाहेर पडून चालत, जिन्याखालच्या एवढ्याशा गाळ्यात. तिथल्या दुरुस्ती करणाऱ्या काकांनी आधी लॅपटॉप उलटा केला. खालचे स्क्रू उघडलेले होते, त्यातल्या दोन स्क्रूंची डोकी खरवडलेली. मग झाकण डोळ्यांजवळ धरून कडेने नख फिरवलं आणि म्हणाले, "ताई, हे कुणी उघडलेलंच नाहीये. कंपनीची चिकटपट्टी आहे तशी आहे. आधी फोटो काढा, मग मी हात लावतो." त्यांनी माझ्यासमोर पातळ प्लास्टिकची पट्टी घालून स्क्रीनभोवतीची चौकट सोडवली. आत माइकवरचं काळं रबर सरकून भोकावर आडवं बसलं होतं आणि माइकची पट्टी कोपऱ्यात तडकलेली. नवी पट्टी ८५० रुपये, मजुरी ३००, काम चाळीस मिनिटांचं. हे १,१५०, चोरीला गेलेल्या रॅमचे २,६५० आणि आधीचे ९,४९९, असे मिळून १३,२९९. जुनी पट्टी त्यांनी कागदात बांधून मला दिली. ज्या रस्त्याला घाबरून मी 'कंपनी' शोधली, तिथेच मला सरळ माणूस भेटला. काम समोर बसून करून घ्या, जुना पार्ट मागून घ्या. दुकान कुठलंही असो.

आता पोलिसांचं. आमच्या हद्दीतल्या ठाण्यात गेले. ड्युटीवरच्या साहेबांनी पावती बघितली न बघितली आणि म्हणाले, "ऑनलाइन नंबर होता ना? सायबरला जा." सायबरवाले म्हणाले, "पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत, वस्तू स्वतः दिलीत. हा ग्राहकाचा वाद आहे." मी म्हटलं, कंपनीचं खोटं नाव लावून माझ्या मशीनमधला पार्ट चोरलाय, हा वाद कसा? तर म्हणे पावतीवर पत्ता अंधेरीचा, तिकडच्या ठाण्यात जा. गेले. भांडुपहून दादर, दादरला फलाट बदलून अंधेरी, भर पावसात, शिकवणीचा एक तास रद्द करून. आधी तो पत्ता शोधला. इमारत होती, त्या नंबरचा गाळाच नव्हता. तिथल्या ठाण्यात दीड तास बाकावर बसवलं आणि शेवटी काय ऐकायला मिळालं? "तुम्ही राहता तिथे तक्रार द्या." आणि वर, "मॅडम, एवढ्या शिकलेल्या तुम्ही, शिक्षिका, आणि असं कसं दिलंत?"

असं कसं दिलंत! हा प्रश्न मला सगळ्यांनी विचारला. बँकेत विचारला, "पिन तुम्हीच टाकलात ना?" कंपनीच्या खऱ्या ग्राहक सेवेने तर "ते केंद्र आमच्या यादीत नाही, आणि तुम्ही मशीन बाहेर उघडू दिलंत" असं ऐकवलं. त्यांचं नाव आणि बोधचिन्ह वापरून लोकांना लुटलं जातंय याचं त्यांना काहीच वाटलं नाही. त्या मुलाला, त्या 'इंजिनिअर'ला हा प्रश्न एकानेही विचारलेला नाही. चार ठिकाणी फिरले, चारही ठिकाणी चौकशी माझीच झाली.

घरी येऊन मी स्वतः वाचलं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये स्पष्ट आहे की दखलपात्र गुन्ह्याची खबर हद्द कुठलीही असली तरी द्यायचा आपल्याला अधिकार आहे. भारतीय न्याय संहितेत फसवणुकीसाठी कलम ३१८ आहे. हे दोन आकडे अर्जावर लिहून पुन्हा आमच्याच ठाण्यात गेले, नणंदेच्या यजमानांना बरोबर घेऊन. तेव्हा कुठे अर्ज घेतला. पोच द्यायला तयार नव्हते, शिक्का पडेपर्यंत मी जागची हलले नाही. तोंडी सांगून येऊ नका, लेखी द्या आणि शिक्का घ्या. पैसे गेल्याचं कळल्या कळल्या १९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन करा. मी बारा दिवसांनी केला, तोवर खात्यात काय उरणार?

ग्राहक आयोगातही तक्रार घातली आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, आणि दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. वकील नाही केला. आधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर नोंद केली होती, तो क्रमांकही जोडला. समोरच्याचं खरं नाव-पत्ता माहीत नाही, म्हणून ज्याच्या खात्यात पैसे गेले त्याचं यूपीआयवरचं नाव घातलंय. टिकेल की नाही, ते आयोग ठरवेल.

कागद लावताना सासूबाई शेजारी बसल्या होत्या. पिवळी पावती, तीन व्यवहारांचे स्क्रीनशॉट, रॅमच्या पट्टीचं जुनं बिल, काकांनी काढायला लावलेला न उघडलेल्या झाकणाचा फोटो आणि कागदात बांधलेली तडकलेली माइकची पट्टी. प्रत्येक कागदावर नंबर त्यांनीच घातला, एक ते नऊ, आणि पावतीवर मशीनचा नंबर जिथे असायला हवा होता त्या रिकाम्या जागेभोवती लाल पेनाने गोल केला.