आरटीएक्स ४०६० की आरएक्स ७६०० एक्सटी? परभणीचा एक उन्हाळा काढल्यानंतर

आपल्या मराठवाड्यात ग्राफिक्स कार्ड घेताना आधी वॅट बघायचे, मग मेमरी आणि शेवटी फ्रेम, म्हणजे सेकंदाला किती चित्रं निघतात ते. पुण्या-मुंबईत हा क्रम उलटा चालत असेल, तिथं तो बरोबरही असेल. पण एनव्हिडिया आणि एएमडी या दोन्ही कंपन्यांची कार्डं हिवाळ्यापासून पावसाळ्यापर्यंत वापरून झाल्यावर माझं मत हेच झालंय.

माझ्याकडे परभणीत एनव्हिडियाचं आरटीएक्स ४०६० आहे. मावसभाऊ नांदेडला असतो, त्याच्याकडे एएमडीचं आरएक्स ७६०० एक्सटी. दोन्ही गेल्या दिवाळीच्या आधी घेतली. बाकीचा संच मुद्दाम सारखा ठेवला: रायझन ५ ५६०० प्रोसेसर, बी५५० मदरबोर्ड, ३२ जीबी रॅम आणि १०८०पीचा १४४ हर्ट्झ मॉनिटर. सणावाराला एकमेकांकडे जाणं होतंच, तेव्हा कार्डांची अदलाबदलही केली. त्यामुळे दोन्ही कार्डं माझ्या खोलीत, माझ्या वायरिंगवर चाललेली मी पाहिली आहेत.

कागदावरचं थोडक्यात सांगतो. ४०६० जून २०२३ मध्ये २९९ डॉलरला आलं, ७६०० एक्सटी जानेवारी २०२४ मध्ये ३२९ डॉलरला. आपल्याकडे त्यावर १८ टक्के जीएसटी आणि दुकानदाराचं मार्जिन चढतं. आम्ही घेतली तेव्हा ४०६० तीस हजारांच्या आसपास होतं आणि ७६०० एक्सटी त्याहून चार-पाच हजारांनी वर. मेमरी ४०६० ला ८ जीबी, एएमडीला दुप्पट म्हणजे १६ जीबी. मेमरी बस, म्हणजे मेमरीतून डेटा ये-जा करायचा रस्ता, दोन्हींची १२८ बिटचीच. वीज मात्र ४०६० ला ११५ वॅट आणि ७६०० एक्सटीला १९० वॅट. यूट्यूबवरच्या तुलनेत हा ७५ वॅटचा फरक एका ओळीत सांगून पुढं जातात. माझ्यासाठी सगळा हिशोब तिथूनच सुरू झाला.

बिलाची भीती बाळगू नका. सॉकेटला लावायचं वॅट मीटर आणून मी मोजलं. गेम चालू असताना नुसता डबा, म्हणजे मॉनिटर सोडून पीसी, ४०६० वर २१० वॅटच्या आसपास घेतो, ७६०० एक्सटीवर ३०० च्या आसपास. रोज तीन तास खेळलं तरी महिन्याला आठेक युनिट जास्त जळतात. युनिटला दहा रुपये धरले तरी ऐंशी रुपये. तेवढ्यासाठी कुणी कार्ड बदलू नये.

खरा प्रश्न आहे यूपीएसचा. आपल्याकडे बहुतेकांच्या टेबलाखाली ६०० व्हीएचा यूपीएस असतो. दुकानात ‘सहाशेचा’ म्हणून देतात आणि लोकांना वाटतं ६०० वॅट. तसं नाही. मागच्या लेबलवर बारीक अक्षरात ३६० वॅट लिहिलेलं असतं, आणि बॅटरी वर्षभर जुनी झाली की तेवढंही ओढवत नाही. ४०६० चा संच, मॉनिटर आणि राऊटर मिळून २५० च्या आत बसतं. लाईट गेली की चार-पाच मिनिटं मिळतात, गेम सेव्ह करून शांतपणे बंद करता येतं. ७६०० एक्सटी लावलं की तोच आकडा सरासरी ३३० वर जातो, आणि ती फक्त सरासरी आहे. स्फोटाचा एखादा सीन आला की क्षणभर कार्ड त्याहून बरंच वर उडी मारतं. माझ्या खोलीत नेमकं तेच झालं. रात्री लाईट गेली, यूपीएसनं एक लांब शिट्टी मारली आणि सगळं काळं. मावसभाऊ शेजारीच होता. म्हणाला, “दादा, माझ्याकडं तर रोजच असं व्हायलंय.” शेवटी त्यानं ११०० व्हीएचा, म्हणजे खऱ्या ६६० वॅटचा यूपीएस घेतला. त्याचे पाच-सहा हजार कार्डाच्या किमतीत धरा. मग दोन कार्डांतला फरक नऊ-दहा हजारांवर जातो.

ज्यांच्या घरी इन्व्हर्टर आहे त्यांनी मागचं एक बटण बघून घ्यावं. बऱ्याच इन्व्हर्टरला ‘यूपीएस’ आणि ‘नॉर्मल’ असे दोन मोड असतात. नॉर्मल मोडमध्ये लाईट गेल्यावर बॅटरीवर यायला जरा वेळ लागतो. पंख्याला ते कळतही नाही, पीसी मात्र रिस्टार्ट होतो. यूपीएस मोडला टाकलं तर बदल चटकन होतो, पण व्होल्टेज साधारण १८० च्या खाली उतरलं की तो लगेच बॅटरीवर येतो. उन्हाळ्यात रात्री सगळ्या गल्लीचे कूलर आणि एसी एकदम चालू झाले की आमच्याकडे व्होल्टेज तितकं उतरतंच. मग लाईट असूनही तुम्ही बॅटरीवर खेळत बसता. अशा वेळी डबा किती कमी ओढतो यावर सगळं येऊन ठरतं.

पीसीच्या पॉवर सप्लायबद्दल दुकानात कुणी बोलत नाही. लेबलवर इनपुट कुठं २००-२४० व्होल्ट लिहिलेलं असतं, कुठं १००-२४०. स्वस्तातले बरेच पहिल्या प्रकारचे असतात. सरळ २३० व्होल्ट मिळत असतील तर दोन्ही चालतात. आपल्याकडे दुसराच घ्या, हजार रुपये जास्त गेले तरी चालतील. मी ५५० वॅटचा १००-२४० वाला घेतला. रात्री व्होल्टेज पडून ट्यूबलाईट फडफडायची, पण पीसी एकदाही अडखळला नाही.

आता ऊन. माझी खोली वरच्या मजल्यावर, थेट स्लॅबखाली. एप्रिलमध्ये दिवसा पारा बेचाळीस-त्रेचाळीसला टेकतो आणि रात्री नऊलाही स्लॅब तापलेल्या तव्यासारखा आग सोडत असतो. खोलीत छत्तीस-सदतीस अंश. कार्ड जेवढे वॅट ओढतं तेवढी सगळी उष्णता शेवटी त्याच खोलीत सोडतं, पंखे दोन असोत की तीन. डिसेंबरात माझं ४०६० गेम चालू असताना ६५ अंशांच्या आसपास असायचं, एप्रिलमध्ये ७७ वर गेलं. पंख्याचा आवाज वाढला, पण हेडफोनच्या आत आला नाही. ७६०० एक्सटी त्याच खोलीत चालवलं तेव्हा हॉटस्पॉट, म्हणजे चिपवरची सगळ्यात तापलेली जागा, नव्वद अंशांच्या पुढं गेला आणि पंखे पूर्ण जोरात फिरू लागले. कार्डाला त्यानं काही झालं नाही. खोलीत बसणं मात्र अवघड झालं, तासाभरात शर्ट पाठीला चिकटला. नांदेडला मावसभाऊ तळमजल्यावर, जुन्या जाड भिंतींच्या खोलीत राहतो. त्याला हा त्रास बराच कमी झाला. म्हणजे खोली कुठली आहे, यावरही कार्ड ठरतं.

फ्रेम बांधून ठेवणं, म्हणजे सेकंदाच्या फ्रेमना मर्यादा घालणं, हा यावर खरा उपाय आहे. हातात कुठलंही कार्ड असो, ते जमतील तेवढे फ्रेम काढत बसतं. एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनलमध्ये कमाल फ्रेम रेट आणि एएमडीच्या सॉफ्टवेअरमध्ये रेडिऑन चिल, दोन्ही फुकट आहेत. गोष्टीच्या गेमला ६० वर बांधलं तर ७६०० एक्सटीसुद्धा बऱ्याच गेममध्ये पुष्कळ कमी वीज घेतं. मावसभावानं पुढं सॉफ्टवेअरमधून कार्डाचं व्होल्टेजही थोडं खाली ओढलं. फ्रेम जवळपास तेवढेच राहिले, हॉटस्पॉट मात्र उतरला. एएमडी घेणाऱ्यानं पहिल्या दिवशी हे करावंच.

कूलरचं सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण ओळखीच्या घरांत मी हे सारखं बघतो. पाण्याचा कूलर खिडकीत असतो आणि पीसी बरोबर त्याच्या झोतात, ‘त्यालाही गार हवा लागू दे’ म्हणून. असं करू नका. आपल्याकडे काळ्या मातीची धूळ पिठासारखी बारीक असते, त्यात कूलरची ओली हवा मिसळली की पंख्याच्या पात्यांवर आणि हीटसिंकच्या (चिपची उष्णता ओढणाऱ्या धातूच्या पट्ट्यांच्या) फटींत तिचा चिखल होऊन वाळतो. तो ब्लोअरनं निघत नाही. मी एका ओळखीच्या मुलाचं कार्ड उघडलं तेव्हा हीटसिंकच्या एका बाजूला राखाडी पापुद्रा धरला होता. मऊ ब्रश आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन अर्धी दुपार गेली. कूलर लावा, पण पीसी झोताच्या बाजूला ठेवा आणि समोरची खिडकी उघडी ठेवा, म्हणजे ओल बाहेर जाते. साफ करताना पंख्याचं पातं बोटानं धरा. ब्लोअरच्या वाऱ्यानं ते भन्नाट फिरतं आणि त्याचं बेअरिंग खराब होऊ शकतं.

गेममध्ये काय? व्हॅलोरंट, काउंटर-स्ट्राइक २, जीटीए ५, फोर्झा होरायझन ५ यांना दोन्ही कार्डं पुरून उरतात, त्यावर वेळ घालवत नाही. सायबरपंक २०७७ मध्ये रे ट्रेसिंग (खऱ्यासारखा प्रकाश आणि सावल्या) लावलं की ४०६० स्पष्ट पुढं जातं. लहान चित्र मोठं करून फ्रेम वाढवायची सोय एनव्हिडियाकडं डीएलएसएस आणि एएमडीकडं एफएसआर; त्यातलं डीएलएसएसचं चित्र १०८०पीवर एफएसआरपेक्षा मला कितीतरी स्वच्छ दिसतं. विजेच्या तारा, जाळीची कुंपणं, लांबचं गवत अशा बारीक गोष्टींवर एफएसआर ३ चमचमतं आणि एकदा ते दिसलं की नजर तिथंच जाते.

पण ८ जीबी ही खरी कमतरता आहे, आणि ४०६० माझं असलं तरी ती झाकणार नाही. इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कलमध्ये टेक्स्चर पूल नावाची सेटिंग आहे; भिंती, कपडे यांच्या पृष्ठभागाच्या चित्रांना (टेक्स्चरना) किती मेमरी द्यायची ते ती ठरवते. ८ जीबीच्या कार्डावर ती वर नेली की मेमरी भरते आणि फ्रेम एकदम कोसळतात. ती खाली आणली की गेम छान चालतो, पण भिंतीवरची कोरीव नक्षी जवळ गेल्यावर धुरकट दिसते. त्याच सेटिंगला मावसभावाच्या कार्डावर हातही लावावा लागला नाही. आणखी एक गोष्ट जाहिरातीत नसते: फ्रेम जनरेशन, म्हणजे दोन फ्रेमच्या मध्ये कार्डानं स्वतः बनवलेली फ्रेम घालणं, स्वतःच मेमरी खातं. म्हणजे ४०६० ची सगळ्यात गाजलेली सोय चालू केली की जी मेमरी आधीच कमी आहे तिच्यावरच ताण येतो.

दोन्ही कार्डं पीसीआय एक्सप्रेस ४.० च्या, म्हणजे कार्ड आणि मदरबोर्ड जोडणाऱ्या रस्त्याच्या, फक्त आठ लेन वापरतात. जुन्या बी४५० बोर्डावर किंवा रायझन ५ ५५०० आणि ५६००जी या प्रोसेसरसोबत स्लॉट ३.० च्या वेगानं चालतो, म्हणजे रस्ता निम्मा. मेमरी भरून डेटा रॅममध्ये जायला लागला की ८ जीबीच्या कार्डाला हा निम्मा रस्ता फार महाग पडतो. आपल्याकडचे दुकानदार स्वस्त म्हणून हेच दोन प्रोसेसर पुढं करतात. जुन्या संचात नुसतं कार्ड बसवायचं असेल तर १६ जीबीकडं झुका.

मी दिवसा एका क्लासचे लेक्चर रेकॉर्ड आणि एडिट करतो, तिथं मला ४०६० चा फायदा झाला. ओबीएस या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये एनव्हिडियाचा एन्कोडर (व्हिडिओ दाबून साठवणारा भाग) कमी बिटरेटला, म्हणजे फाइल लहान ठेवूनही, फळ्यावरची अक्षरं फाटू देत नाही, आणि ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये एनव्हिडियाच्या ऑप्टिक्समुळे रेंडर लवकर होतं. नुसतं खेळणाऱ्याला यातलं काही लागत नाही.

खरेदीबद्दल एवढंच की परभणी-नांदेडला ही कार्डं बहुधा ऑर्डर देऊन मागवावी लागतात. आम्ही देवगिरी एक्सप्रेसनं सिकंदराबाद गाठलं आणि चिनॉय ट्रेड सेंटर या तिथल्या कॉम्प्युटर बाजारात फिरून घेतली. चार दुकानं पायी बघता येतात, भाव करता येतो, दखनी बोलणारी माणसं असल्यानं आपल्याला परकंही वाटत नाही. जीएसटीचं बिल घ्या, त्यावर कार्डाचा सिरियल नंबर लिहून घ्या आणि खोका जपून ठेवा. वॉरंटीत पाठवताना तोच लागतो.

आता या दोन्हींच्या पुढची पिढी आली आहे. मे २०२५ मध्ये आरटीएक्स ५०६० आलं, पुन्हा ८ जीबी आणि वीज १४५ वॅट. जूनमध्ये आरएक्स ९०६० एक्सटी आलं, त्याच्या १६ जीबीच्या कार्डाला १६० वॅट. इतक्या दिवसांत प्रथमच एएमडीकडं १६ जीबी आणि आपल्या वायरिंगला झेपेल अशी वीज एकाच कार्डात आली आहे, वर एफएसआर ४ मुळे चमचमण्याचं माझं गाऱ्हाणंही बरंच मिटतं. आज तीस-चाळीस हजारांत नवीन घेणाऱ्याला मी हेच सुचवीन. स्लॅबखालची खोली आणि सहाशेचा यूपीएस हीच परिस्थिती असेल तर फ्रेम बांधून ते चालेल. बजेट त्याहून खाली असेल आणि कुठं चांगल्या भावात ४०६० मिळालं तर तेही घ्या, टेक्स्चर मध्यम ठेवायची तयारी असली की झालं. फक्त ९०६० एक्सटी ८ जीबीमध्येही येतं आणि नाव दोन्हींचं एकच आहे. पैसे मोजायच्या आधी खोक्यावर १६ लिहिलंय का, ते दुकानातच वाचून घ्या.